पिन कोण काढणार?

मार्च उजाडला की कारखान्यात दोन गोष्टींना ऊत येतो: थकलेली बिलं आणि राहिलेलं ट्रेनिंग. माणशी ठरलेले तास ३१ तारखेच्या आत संपवायचे असतात, ऑडिटरला कागद दाखवायचा असतो आणि ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन आयताच सापडतो. मग आम्ही पंचवीस जण कॅन्टीनची डाळ-भाजी रिचवून दुपारी अडीचला एसी खोलीत, पडदे ओढून, दिवे मालवून बसतो. विषय: आगीच्या वेळी सतर्क कसे राहावे.

पहिली वीस मिनिटं प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला का बसत नाही यात जातात. सगळे जागे असतात ते तेवढ्यातच. पुढे अग्नित्रिकोण येतो. इंधन, उष्णता, प्राणवायू. हा त्रिकोण दरवर्षी भेटतो, नातेवाईकच झालाय. आग विझवायचा खरा ६ किलोचा पावडरचा सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, त्याला मात्र कोणी हात लावत नाही. लावला तर रिफिलिंगचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा?

आता गंमत बघा. ऐन आगीत माणूस करतो काय, तर घाबरून आधी हँडल आवळतो आणि मग पिन ओढतो. आवळलेल्या हँडलमध्ये पिन अडकून बसते, निघत नाही. माणूस आणखी घाबरतो, आणखी आवळतो. हँडल सोड, एका हातानं बाटलीची मान धर, दुसऱ्यानं पिन पिळून सील तोड आणि ओढ. एवढीच ती गोष्ट. पण ती बोटांना कळावी लागते, स्लाइडला कळून उपयोग नाही. तीच कथा नेमाची. ज्वाळा वर दिसते म्हणून सगळे वर मारतात. पावडर ज्वाळेतून आरपार जाते, आग बुडाशी जळत राहते आणि पंधरा-वीस सेकंदांत सिलिंडर संपतो. वारा पाठीशी घेऊन दोन-तीन मीटरवरून बुडाशी, डावी-उजवी झाडू मारल्यासारखी मारायची. कार्बन डायऑक्साइडवाल्या सिलिंडरचा भोंगा, म्हणजे वायू बाहेर पडतो ते तोंड, उघड्या हातानं धरायचा नाही, इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते.

खर्चाचा बाऊ नको. ज्यांचं रिफिलिंग आलंय ते सिलिंडर तसेही रिकामे व्हायचेच, भरणाऱ्याला म्हणावं, आमच्या अंगणात रिकामे करू दे. शिवाय ९ लिटरचा पाण्याचा घ्या. त्याला पिन तीच, हँडल तेच, आणि संपला की भरणाऱ्याकडून पाणी नि कंप्रेसरची हवा भरून पुन्हा तयार. समोर आग नको, एक प्लॅस्टिकचा शंकू पुरे. पाच-पाचची टोळी, वीस मिनिटं, शिफ्टच्या सुरुवातीला. प्रत्येकानं स्वतः मारायचं आणि मारताना आपण काय करतोय, का करतोय हे तोंडानं सांगायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं कारखान्यांत नवे हात घाईनं तयार केले, ते याच पद्धतीनं: तयार कर, दाखव, करवून घे, मागाहून तपासत राहा. कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्यानं शिकवलं नाही, असं तिथे स्वच्छ सांगत. आमच्याकडे कामगार शिकला नाही तर त्याला रिफ्रेशरला बसवतात. त्याच स्लाइड, त्याच खोलीत.

आणि हे वर्षातून एकदा करून भागत नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरं पाठ करून १८८५ साली दाखवून दिलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. (निरर्थक अक्षरं म्हटल्यावर काही स्लाइड डोळ्यांपुढे आल्या, ते असो.) म्हणून आठवड्यानं दोन मिनिटं, महिन्यानं पुन्हा दोन मिनिटं, सुपरवायझरनं जाता-जाता विचारायचं.

फीडबॅक फॉर्मचं काय? 'ट्रेनर कसे वाटले, १ ते ५.' सगळे ४ वर टिक करतात. ५ दिले तर मस्का वाटतो, ३ दिले तर कारण लिहावं लागतं. या फॉर्मवरून समोसा गरम होता एवढंच कळतं. त्यापेक्षा महिन्यानं पॅकिंगमधल्या कोणालाही गाठून विचारा, "दादा, जवळचा सिलिंडर कुठाय?"

"त्या खोक्यांमागे."

"त्याचा दाबाचा काटा हिरव्यात आहे का?"

"खोके हलवल्याशिवाय कसं दिसणार?"

"मग हलवा की."

"नाही हलवता येत. ट्रेनिंगची हजेरीपत्रकं आहेत त्यात. ऑडिट होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणालेत."