डिपॉझिटचं कुणी बोलतच नाही

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांनी तिथे मोबाइलचं पोस्टपेड कनेक्शन घ्यावं असं लेखात म्हटलंय, पण डिपॉझिटचा उल्लेखच नाही. आमच्या लेकीचं दुकानात सगळं ठरलं, नंबरही निवडून झाला आणि पैसे भरताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, वर ४०० डॉलर डिपॉझिट. का, तर क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे तिथे कर्ज घेऊन वेळेत फेडल्याची नोंद, नाही. अहो, परवा विमानातून उतरलेल्या पोरीची कुठून असणार! (इथले आमचे वेळेत फेडलेले हप्ते तिथे कोण विचारतो.) शेवटी प्रीपेड सिम घेतलं, त्याला क्रेडिट तपासत नाहीत. पोस्टपेडच हवं असेल तर डिपॉझिट किती, परत कधी, आणि हातात देणार की बिलातून वळतं करणार, हे सहीआधी लिहून घ्या.