पावणेदोनची जळजळ

रात्री पावणेदोनला छातीत विस्तव पेटतो, घशाशी आंबट येतं आणि मी अंधारातच निकाल देऊन मोकळा होतो: पित्त झालंय. मिसळ भोवली, पाचवा चहा भोवला, कारणं रोज बदलतात. आरोपी मात्र तोच.

वास्तविक पित्त बिचारं यकृतात तयार होतं, जेवण लहान आतड्यात उतरेपर्यंत बहुतेक पित्ताशयात पडून असतं आणि या जळजळीत त्याचा हात फारसा नसतो. जळतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास धुवायच्या बाटलीत असतं तेच, फक्त बरंच पातळ. रिकाम्या पोटी त्याचा सामू, म्हणजे पीएच, १ ते २ (आकडा जितका खाली, तितकं आम्ल कडक) आणि जठररस दिवसाला दीड-दोन लिटर. हे आम्ल काढणाऱ्या पेशींत खरोखरीचे पंप असतात. एक पोटॅशियम आत घ्यायचा, एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलायचा. रक्ताच्या तुलनेत बाहेरची तीव्रता दहा लाख पटींच्या घरात जाते. आमच्या सोसायटीचा पंप चौथ्या मजल्यावर पाणी चढवताना धापा टाकतो, म्हणून हा आकडा मला विशेष वाटतो.

पंप आला म्हणजे वॉचमन आला. जठराच्या खालच्या भागात ‘जी’ पेशी असतात. वरणातल्या, अंड्यातल्या प्रथिनांचे तुकडे दिसले की त्या गॅस्ट्रिन सोडतात, म्हणजे ‘पंप चालू करा’ अशी आरोळी. ती रक्तातून फिरून वरच्या भागातल्या दुसऱ्या पेशींपर्यंत पोचते, त्या हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि पंप सुरू होतो. मेंदूकडून येणारी व्हेगस नर्व्ह तर फोडणीच्या वासावरच कामाला लागते, ताट यायचं असतं तेव्हाच.

इथे मराठीला दाद द्यायला हवी. अंगावर गांध्या उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, आणि तिथेही हिस्टामिनच असतं. हिस्टामिनची किल्ली ज्यांत बसते ती पेशींवरची कुलपं मात्र दोन्हीकडे वेगळी. म्हणून गांध्यांवरची नेहमीची गोळी पोटातल्या आम्लाला हात लावत नाही. पोटातलं कुलूप अडवणारं औषध जेम्स ब्लॅक यांनी शोधलं आणि १९८८ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

आता ‘टाकी भरली’ म्हणणारा कोण? ‘डी’ पेशी. सामू ३ च्या खाली गेला की त्या सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि ते आरोळी देणाऱ्यापासून पंपापर्यंत सगळ्यांना गप्प करतं. जेवल्यावर अन्न आम्ल शोषून घेतं, सामू ४-५ पर्यंत चढतो, ‘डी’ पेशींना टाकी रिकामी दिसते आणि पंप जोरात चालतो. अन्न पुढे सरकलं की सामू उतरतो, पंप मंदावतो. पुढच्या दारालाही पहारा आहेच: आतड्यात आंबट शिरलं की सिक्रेटिन सुटतं आणि स्वादुपिंड खायच्या सोड्याचाच द्रव ओतून ते मारतं. बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांना हे सिक्रेटिन १९०२ मध्ये सापडलं.

इतका चोख कारभार असताना पावणेदोनला आग का? कारण बहुतेकांच्या बाबतीत आम्ल जास्त नसतंच, ते चुकीच्या जागी असतं. अन्ननलिकेच्या टोकाचा झडपेसारखा स्नायू ढिला पडतो आणि माल वर येतो. जठराला आतून श्लेष्माचं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही. गळतोय नळ, आणि आपण टाकीला शिव्या घालतो.

उपाय करताना तर आपण वॉचमनलाच फसवतो. थंड दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम, म्हणजे ‘जी’ पेशींना आमंत्रणच. सोड्याने आम्ल मरतं, वायू होतो, मोठा ढेकर येतो आणि आपण कृतार्थ. ढेकर येताना तीच झडप उघडते, हे कुणी सांगत नाही.

पंप बंद करणारी गोळी फक्त चालू पंपाला चिकटते आणि स्वतः रक्तात काही तासच टिकते. म्हणून ती नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. रात्री जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर वरातीमागून घोडं. महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली तर आणखी गंमत. इतके दिवस आम्लच नाही म्हणून ‘डी’ पेशी गप्प, गॅस्ट्रिन ओरडतच राहिलेलं. गोळी सुटली की पंप सूड उगवतात. डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर हे पाहिलं, निष्कर्ष २००९ मध्ये आले. आठ आठवडे खरी गोळी घेऊन सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना पुढच्या चार आठवड्यांत त्रास झाला, खोट्या गोळीवाल्यांपैकी १५ टक्क्यांना. म्हणून गोळी सोडायची ती डॉक्टरांना विचारून, बहुधा हळूहळू.

छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर मात्र सोडा शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

बाकी रात्रींसाठी इलाज सुताराचा आहे. जेवण झोपण्याआधी तीन तास. कूस डावी, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर वर. उशांची चळत नको, तिने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. विटा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली द्याव्यात. एकाच खाली दिली तर आम्ल जागेवर राहील की नाही कोण जाणे, पण शेजारी झोपलेलं माणूस जमिनीवर असेल.