फेऱ्या निम्म्या केल्या की तोटा निम्मा होत नाही

शहर बससेवेबद्दलचा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे : ‘बस रिकाम्या धावतात, डेपोत गाड्या पडून असतात, चालक शेवटच्या थांब्यावर गप्पा मारतात. फेऱ्या निम्म्या करा, तिकीट वाढवा, तोटा संपेल.’

बस रिकामी दिसते ती बहुधा शेवटच्या थांब्याजवळ किंवा गर्दीच्या उलट दिशेला. सकाळी ४० आसनांची बस भरून गेली आणि मोकळी परतली, तर सरासरी भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचं प्रमाण, ५० टक्केच निघतं. ती मोकळी परतलीच नाही, तर पुढची भरलेली फेरी सुटणार कशी?

खरी गफलत फेऱ्या कापण्याच्या हिशोबात आहे. जाऊन-येऊन ८० मिनिटं आणि दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटं थांबणं, असा ९० मिनिटांचा मार्ग घ्या. दर १५ मिनिटांनी बस सोडायची तर ६ गाड्या लागतात. दुपारच्या फेऱ्या निम्म्या केल्या तरी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी त्या ६ ठेवाव्याच लागतात. त्यांचा हप्ता, विमा, कार्यशाळा, चालकाची पाळी, सगळं तसंच. वाचतं ते इंधन आणि थोडी टायरची झीज. १२ मीटरची डिझेल बस लिटरला साधारण ३ ते ४ किलोमीटर जाते. म्हणजे ३० किलोमीटरच्या फेरीमागे साडेसात ते दहा लिटर. त्या बदल्यात प्रवाशाची सरासरी वाट साडेसात मिनिटांवरून १५ वर जाते. त्यात एक फेरी रद्द झाली, तर पुढची बस थेट तासाने. दुचाकी परवडणारा प्रवासी तेव्हाच तुटतो, आणि घटलेलं उत्पन्न दाखवून पुढची कपात मागितली जाते.

डेपोतल्या गाड्यांचं म्हणाल, तर रस्त्यावर रोज १०० बस हव्या असतील तर ताफ्यात ११० ते ११५ लागतात. ब्रेक, क्लच, ठरलेली तपासणी यांत काही गाड्या कायम अडकलेल्या असतातच. मात्र ३० उभ्या असतील तर जाब विचाराच; बहुतेकदा सुट्या भागांची खरेदी रखडलेली सापडेल.

आता गप्पा. समजा, १५ मिनिटांच्या अंतराने धावणारी एक बस ५ मिनिटं उशिरा आहे. थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येत असेल, तर तिला १५ ऐवजी २० जण मिळतात. माणशी ३ सेकंद धरले तर प्रत्येक थांब्यावर १५ सेकंद जादा. मागच्या बसला १० जणच मिळतात, म्हणून तिचे तेवढेच सेकंद वाचतात. असं होत होत बारा-पंधरा थांब्यांत दोन्ही एकामागोमाग लागतात. हा उशीर गिळायला टोकाला थांबण्याचा वेळच कामी येतो. तो ‘वाया’ समजून काढला, तर सकाळी ९ चा उशीर दुपारपर्यंत सरकत राहतो.

तिकीटवाढीत मात्र थोडं तथ्य आहे. भाडं १० टक्के वाढलं की लगेच साधारण ३ टक्के प्रवासी घटतात, असा जुना ठोकताळा आहे. काळ जाईल तशी गळती वाढते. म्हणजे उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. खर्चाच्या १०० भागांपैकी ५० तिकिटातून येत असतील, तर ते साडेत्रेपन्न होतील. उरलेले साडेशेहेचाळीस सार्वजनिक तिजोरीतूनच यायचे. ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवून दिले, तर ब्रेक लायनिंग आणि टायर वेळेत घेता येतात. वर्षाअखेरीस तूटभरपाई म्हणून दिले, तर पुरवठादारांची बिलं थकतात आणि गाडी डेपोतच राहते.