निकोबारचा मेगापोड ‘केवळ असुरक्षित’ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

निकोबार बेटांवरच्या मेगापोड या पक्ष्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत हा पक्षी ‘केवळ असुरक्षित’ वर्गात असताना मी त्याला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले. जो पक्षी २००४ च्या त्सुनामीतून तगला, त्याचे ग्रेट निकोबार बेटावर गॅलाथियाच्या उपसागरात होऊ घातलेल्या एका बंदराने काय बिघडणार. आणि निकोबारमधल्याच मेंचाल बेटावर त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, हे मी वाचकांना सांगितलेच नाही.

‘उंबरठ्यावर’ हा शब्द चुकीचा होता आणि तो मी मूळ लेखातून काढला आहे. मेंचालचा उल्लेख राहून गेला, हीदेखील माझीच उणीव. परंतु ‘केवळ’ हा आपला शब्द मला मान्य करता येत नाही. अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित हे तिन्ही वर्ग धोक्यात आलेल्या प्रजातींचेच आहेत, आणि निसर्गातून नाहीशी होण्याची मोठी शक्यता असलेली प्रजातीच असुरक्षित ठरते. शिवाय हा वर्ग सगळ्या बेटांवरील पक्ष्यांचा मिळून ठरतो. त्यामुळे एखाद्या खाडीकाठची सगळी घरटी गेली, तरी यादीतील शब्द बदलेलच असे नाही.

या पक्ष्याचे सारे भवितव्य त्याच्या घरट्यात आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मेगापोड अंडी उबवत नाही. कोंबडीएवढा हा पक्षी आपल्या दणकट पायांनी वाळू, माती, प्रवाळाचे तुकडे आणि पालापाचोळा उकरून मोठा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. पाचोळा कुजताना निघणारी ऊब आणि उन्हाची उष्णता यांवर दोन महिन्यांहून अधिक काळाने पिल्लू तयार होते, स्वतःच ढिगातून वर येते आणि आईबापांच्या मदतीविना जगू लागते. एकच ढीग वर्षानुवर्षे वापरला जातो. कधी कधी एकापेक्षा अधिक जोड्या त्यात अंडी घालतात. असा ढीग कुठेही रचता येत नाही. भुसभुशीत वाळूमिश्र माती आणि वर सतत पाने गाळणारे जंगल, अशी जागा प्रामुख्याने समुद्रालगतच्या अरुंद पट्ट्यात मिळते. दाट झाडोऱ्यात वावरणारा हा बुजरा पक्षी मोजणे अवघड असल्यामुळे अभ्यासक पक्ष्यांऐवजी वापरातले ढीग मोजतात.

आता त्सुनामीविषयी. कोइम्बतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे रवि शंकरन यांनी १९९० च्या दशकात बेटामागून बेट पालथे घालून केलेली मोजणी उपलब्ध होती, म्हणूनच त्सुनामीने किती हानी केली हे कळू शकले. नंतर वन्यजीव अभ्यासक के. शिवकुमार यांनी केलेल्या पाहणीत ही संख्या जवळपास ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि किनारी भागात अंदाजे ३९५ ते ७९० जोड्याच उरल्याचे नोंदवले गेले. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंटजवळची जमीन काही मीटर खचली, तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला आणि ज्या छोट्या बेटाला याच पक्ष्याचे नाव होते, ते मेगापोड बेट समुद्राने गिळले. दहातील सात गेले आणि तीन वाचले, तर त्याला तगणे म्हणता येईल. पण पुढचा आघात सहन करण्याची ताकद त्यातून वाढते, असे मला वाटत नाही. आणखी एक फरक आहे. लाटेने ओरबाडलेल्या किनाऱ्यावर पुन्हा वाळू साचते आणि झाडे वाढतात. गॅलाथियाच्या उपसागरात पुळण पुन्हा तयार झाली आणि चामडीपाठीची कासवे अंडी घालण्यासाठी परतली. मालवाहू बंदराचा धक्का आणि काँक्रीट जिथे येईल, तिथे ही संधी उरत नाही.

याच गॅलाथियाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने तो काढून घेण्यास मान्यता दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदराच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्या प्रक्रियेतील माहितीनुसार प्रकल्पक्षेत्रात मेगापोडचे ५१ वापरातले ढीग आढळले आणि त्यांतील ३० कायमचे नष्ट होणार आहेत. हे आकडे माझे नाहीत. ते प्रकल्पाच्याच कागदपत्रांतील आहेत. बंदर देशाला आवश्यक आहे की नाही, यावर आपले मत वेगळे असू शकते आणि त्याचा मी आदर करतो. मात्र त्याची किंमत या पक्ष्याला मोजावी लागणार नाही, असे या आकड्यांपुढे म्हणता येत नाही.

मेंचालवर अभयारण्य झाले, याचा मला आनंद आहे. पण ते बेट जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचे असून त्सुनामीपूर्वीच्या नोंदींतही तिथे मेगापोड होतेच. म्हणजे तिथल्या पक्ष्यांना कायद्याचे नवे कवच मिळाले, परंतु गॅलाथियातील पक्ष्यांना नवी जागा मिळाली नाही. आपल्याच राज्यात सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. कागदावर ते आजही आहे, माळढोक मात्र तिथे जवळपास दिसेनासा झाला. त्या पक्ष्याची आणि मेगापोडची कारणे निराळी आहेत, हे मी जाणतो. तरीही अधिसूचना निघाली म्हणून पक्षी सुरक्षित झाला, हा निष्कर्ष मी मेंचालबाबत काढू शकत नाही.

माझे मत बदलण्यासाठी काय लागेल, असे आपण शेवटी विचारले आहे. प्रकल्पाचे काम पुढे जाण्याआधी सर्व बेटांवरील वापरातले ढीग शंकरन यांच्याप्रमाणे किनारा पायी फिरून नव्याने मोजले गेले, ती मोजणी सर्वांसाठी खुली झाली आणि गॅलाथियाबाहेर ढीग पुरेसे वाढले आहेत असे तीत दिसले, तर मी तेही याच ठिकाणी, आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून लिहीन.