"सर जरा मोकळे आहेत गं"

गेली काही वर्षं मी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, काम करते. समितीपुढचं बाहेर बोलायचं नसतं, त्यामुळे स्वतःचंच सांगते.

२००८. एम.ए.चं शेवटचं वर्ष, लघुप्रबंध चालू. गाइड म्हणजे विद्वान माणूस, मुलांना हवं ते पुस्तक घरून आणून देणारा. सुरुवात कौतुकानं झाली. "तू बाकीच्यांसारखी नाहीस." मग चर्चेची वेळ संध्याकाळी सहाची झाली, शिपाईमामा खिडक्या लावून गेल्यावरची. हात आधी खुर्चीच्या पाठीवर, नंतर खांद्यावर. रात्री अकराला एसएमएस, "झोपलीस का?" यातलं एकेक सुटं घेतलं तर कुणाला सांगणार? मी उत्तरं देणं बंद केलं, आणि माझ्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण सात आठवडे त्यांच्या टेबलावर न वाचता पडून राहिलं. तेव्हा कुठे मला उमगलं की हे कौतुक नव्हतंच.

एका बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर जरा मोकळे आहेत गं. चार महिने राहिलेत, निभावून ने." मी निभावलं. पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत एक ज्युनिअर बसायला लागली. तिला मी सावध केलं नाही, हे आजही टोचतं.

राजस्थानात बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला १९९२ मध्ये. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला: कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवीच. म्हणजे माझ्या वेळी अशी समिती असायलाच हवी होती. मी तिचं नावही ऐकलं नव्हतं. पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आला, मग खास विद्यापीठं-कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१५ चे नियम. ते वाचताना एका तरतुदीपाशी मी थांबले: चौकशी चालू असताना त्या शिक्षकाला तक्रारदार मुलीचं काम किंवा परीक्षा तपासण्यापासून दूर ठेवता येतं. मला नेमकं एवढंच हवं होतं. मार्क त्यांच्याच हातात होते, म्हणून तर मी गप्प होते.

मुलींनो, तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. विचार करण्यात ते दिवस भुर्रकन जातात. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा, पण तारीख, वेळ, जागा त्याच रात्री लिहून ठेवा. मेसेज डिलीट करू नका. मी शरमेनं सगळे पुसून टाकले होते. विद्यार्थिनीचं प्रकरण असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थीही असतात. कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख यांना समितीवर बसता येत नाही. समेट फक्त तुम्ही स्वतः मागितलात तरच, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. विभागप्रमुखांनी दोघांना समोर बसवून "मिटवून टाका" म्हटलं, तर उठून या.

ओडिशातल्या बालासोरला बी.एड.च्या एका विद्यार्थिनीनं विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. न्याय मिळत नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये तिनं कॉलेजच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं, आणि ती गेली. ती बातमी वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

म्हणून माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती. एखादी मुलगी दारात घुटमळली तर तिला आत बसवा. सरांचा स्वभाव समजावून सांगू नका. काय झालं, कधी झालं एवढंच विचारा आणि पुढ्यात कागद ठेवा. तिला लिहिणं जमत नसेल तर लिहून घ्यायला समितीनं मदत करायची, हे नियमातच आहे.