डायरेक्टरची गाडी

सुन्या चालत आला. कोल्हापूरच्या शिरोलीत वर्कशॉप असलेला माणूस संध्याकाळी सातला कट्ट्यावर चालत येतो, म्हणजे गाडी परत शोरूमला लागली हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"त्योच पिवळा दिवा?" शौकतचाचांनी विचारलं.

"दिवा लागला आणि पिकप पण गेला. चाळीसच्या वर जाईनाच. शोरूमवाले म्हणालेत, हायवेला न्या, ऐंशीनं अर्धा तास पळवा, आपोआप जळतंय."

"ऐंशीनं? सहापदरीकरण लागल्यापासनं कागल-सातारा पट्ट्यात सलग अर्धा तास ऐंशीनं गेलेला माणूस आण. मी त्याचा बिंदू चौकात सत्कार करतो."

चाचा उद्यमनगरातले जुने मिस्त्री. नव्या गाड्यांचा त्यांना राग आहे असं पम्या म्हणतो, पण नव्या गाड्यांची पोरं शेवटी त्यांच्याकडेच विचारायला येतात. त्यांनी सुन्याला सरळ विचारलं, रोज गाडी किती चालते? घर ते एमआयडीसी, सकाळी नऊ-दहा किलोमीटर आणि संध्याकाळी तेवढीच.

"मग दुसरं काय हुणार? सायलेन्सरच्या वाटंवर काजळी धरायला जाळी बसवलीय. ती काजळी जळायला धूर सडकून तापाय लागतो. तुझी गाडी तापायच्या आत तू ऑफिसात जाऊन बसतोस. मग गाडी जादा डिझेल मारून जाळी साफ करायला बघती, तू मधीच चावी काढतोस, आणि ते डिझेल उतरतंय ऑइलात. ऑइल मोजायची डिपस्टिक बघितलीस कधी?"

"बघितली. ऑइल वाढलंय."

"ऑइल खाणाऱ्या गाड्या लई बघितल्या. ऑइल घालणारी आत्ताच बघालोय."

इथं पम्यानं खुर्ची पुढं ओढली. पम्या म्हणजे आमचा अर्थमंत्री. प्रत्येक वाक्याआधी 'बेसिकली' म्हणतो आणि मग बोट वर करतो. भिशीचा हिशोब मात्र अजून त्याला जुळवता आलेला नाही, तो विषय निघाला की त्याला घरून फोन येतो. ही गाडी सुन्याच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घ्यायची आयडिया त्याचीच.

"बेसिकली सुन्या, हप्ता थांबव. बँक आपोआप शोरूमच्या मानगुटीवर बसंल."

"शोरूमच्या न्हाय, शिरोलीला येऊन तुझ्या छाताडावर बसंल," चाचा म्हणाले. "वर्कशॉपचं कॅश क्रेडिटचं कर्ज कुठल्या बँकेत हाय रं?"

"तिथंच."

"झालं तर."

नाईक वकील तोवर गप्प होते. फुकटचा सल्ला द्यायच्या आधी ते चहा पूर्ण संपवतात. त्यांचं म्हणणं एवढंच की बँकेनं पैसे दिलेत, गाडी दिलेली नाही. कर्जाचा करार वेगळा, खरेदीचा वेगळा. आरसीवर बँकेचा बोजा आहे, हप्ता चुकला तर ती गाडी उचलेल, कंपनीचा सिबिल खराब होईल, आणि कर्जाला जामीन म्हणून सुन्याची स्वतःची सही आहे ती वेगळीच. भांडण शोरूमशी आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीशी, हप्ता मात्र तारखेला. मला तरी हे पटलं. पम्याला पटलं नाही, पण त्याला भिशीचं पण पटत नाही.

"टॅक्स तर वाचला का न्हाय?" पम्या.

हे त्यानं बोलायला नको होतं. सुन्यानं उभं राहूनच हिशोब मांडला. आरटीओला कंपनीच्या नावावर वीस टक्के टॅक्स गेला. स्वतःच्या नावावर डिझेल गाडी घेतली असती तर तेवढ्याच किमतीला चौदा. जीएसटी परत मिळणार म्हणून सांगितलेलं, सीएनं हात जोडले. ड्रायव्हर धरून तेरा सीटपर्यंतच्या गाडीचं क्रेडिट मिळत नाही, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल असले धंदे असले तरच.

"मग चौदा सीटची घ्यायची हुतीस," चाचा म्हणाले. "मॅचला समदी तालीम तरी बसली असती."

"डेप्रिसिएशन हाय की! घसारा, पंधरा टक्के!" पम्या ओरडला.

"ते शोरूमनं आधीच चालू केलंय."

यावर एवढा दंगा झाला की शेजारच्या गाड्यावरची पोरं वळून बघायला लागली. पम्यानं मग विषय फुटबॉलवर नेला, शिवाजी तरुण मंडळानं पाटाकडील तालमीच्या टीमला कसं धुतलं वगैरे. सुन्या पाटाकडीलचा. पाच-दहा मिनिटं गाडी सगळेच विसरले. शेवटी वकिलांनीच फाईल मागून घेतली.

जॉबकार्डं, म्हणजे गाडी शोरूमला लावताना तक्रार लिहायचे कागद, बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. सगळ्यांवर एकच ओळ: 'जनरल चेकअप'. खाली सुन्याची सही.

"तू काय सांगत होतास त्यांना?"

"दिवा लागतोय, पिकप जातोय, ऑइल वाढतंय."

"आणि लिहिलंय काय? ग्राहक आयोगापुढं उद्या ते म्हणतील, साहेबांना हौस आहे, अधूनमधून चेकअपला येतात. इथून पुढं तुझ्या शब्दांत तक्रार लिहिल्याशिवाय सही नाही. लिहीत नसतील तर तिथंच उभा राहून ईमेल टाक, गाडीच्या कंपनीला पण."

नवी गाडी मिळेल का, हा सुन्याचा खरा प्रश्न. वकिलांनी आशा लावली नाही. मारुतीच्या क्लचच्या प्रकरणात 2006 सालीच सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, पार्ट बदलून भागत असेल तर अख्खी गाडी बदलायची गरज नाही. दोष कारखान्यातला आहे हे आपण दाखवायचं, त्याला तपासणीचा रिपोर्ट लागतो.

"रिपोर्ट मी देतो," चाचा म्हणाले. "पण खरा देईन. गाडीत दोष न्हाय म्हणून. ही गाडी ह्याला विकणाऱ्यात दोष हाय."

वकील एकदम ताठ बसले. "विकताना रनिंग सांगितलं होतंस?"

सुन्यानं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. त्याचा मेसेज होता, रोजचं रनिंग फक्त शहरात, अठरा-वीस किलोमीटर, डिझेल चालेल का? खाली सेल्समनचा अंगठा आणि 'परफेक्ट चॉइस सर'. वकिलांनी त्याचा फोटो काढला, सुन्याला पण काढायला लावला. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा हसले.

"पण बेसिकली कंपनीची गाडी," पम्या परत आला. "ग्राहक कोर्ट दारात उभं करणार न्हाय. कमर्शियल."

हे मात्र अर्धं खरं होतं, म्हणून वकिलांनी सावकाश सांगितलं. नावावरून ठरत नाही, वापरावरून ठरतं. एका कंपनीनं डायरेक्टरसाठी मर्सिडीज घेतली होती, आतला मधला भाग तापायचा. डेमलर क्रायस्लरनं हाच मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, जुलै 2024 मध्ये हरले. डायरेक्टर आणि त्याच्या घरच्यांनी वापरायची गाडी म्हणजे धंद्याची गाडी नव्हे. सुन्याच्या अठरा लाखांच्या गाडीला जिल्हा आयोग, फी चारशे रुपये, तक्रारीला मुदत दोन वर्षं.

"त्या मर्सिडीजवाल्याला किती वर्षं लागली?"

"राष्ट्रीय आयोगाचा निकाल 2007 चा."

चाचांनी बोटं मोजली. "तवर सुन्याचं नातू काजळी काढतील."

"फक्त एक," वकील म्हणाले, "गाडी डायरेक्टर वापरतात हे नीट दाखवावं लागेल. दुसरा डायरेक्टर कोण?"

"बायको."

नेमका तेव्हाच वहिनींचा फोन आला. वकिलांनी स्पीकर लावायला सांगितला आणि अगदी कोर्टातल्या आवाजात विचारलं, "वहिनी, कंपनीची गाडी तुम्ही वापरता ना?"

"कुठली गाडी? घेतल्यापासनं चावी बघितली न्हाय मी. मागितली की म्हणत्यात, गिअर कळणार न्हाईत तुला. लिहून घ्या वकीलसाहेब, कुठं सही करू सांगा."

सुन्यानं फोन ओढून घेतला. चाचा खुर्चीवरून पडायचे राहिले, आणि पम्या बोट वर करून काहीतरी बेसिकली म्हणत होता, ते कुणालाच ऐकू आलं नाही.