मोदकांवरचं फडकं आणि एसी पंप

आमच्या गाडीच्या स्क्रीनवर दीड महिना रोज सकाळी एकच प्रश्न येत होता. नवं सॉफ्टवेअर आलंय, आत्ता घालू की नंतर? मी 'नंतर' दाबायचो, गाडी रुसल्यासारखी क्षणभर थांबायची आणि मुकाट सुरू व्हायची. आमचं बरं चाललं होतं. पण जूनपासून बाबा सहा महिन्यांसाठी आलेले होते. बाबांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवलेल्या कागदाचं पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मंडळाच्या गणपतीच्या शनिवारी आम्ही घरात आवराआवर करत होतो, तेव्हा ते सगळ्यांच्या आधी जाऊन गाडीत बसले आणि त्यांनी शांतपणे 'आत्ता' दाबलं.

मी मोदकांचा डबा घेऊन बाहेर आलो. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'अपडेट सुरू आहे. गाडी चालवता येणार नाही. अंदाजे वेळ १ तास १० मिनिटे.' घड्याळात साडेदहा. आरती साडेअकराला. हॉल पंचवीस मैलांवर. डब्यात उकडीचे ५१ मोदक आणि नैवेद्य आमच्याकडे.

"अरे, एक बटण तर दाबलं," बाबा म्हणाले. "तेही तिनेच विचारलं म्हणून."

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलाने अतिशय गोड आवाजात विचारलं, गाडी वायफायच्या टप्प्यात आहे ना? आहे. मग गाडी बंद करून परत सुरू करता का? म्हटलं, बाळा, ती सुरू असती तर मी तुला फोन कशाला केला असता. तो म्हणाला, तुमची अडचण मी पूर्णपणे समजू शकतो. कंपनीचं नाव सांगत नाही. आम्ही राहतो तिथे, अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास, गाडीच्या कंपनीचं नाव काढणं म्हणजे पुण्यात मिरवणुकीत कोणाचा गणपती पुढे असावा यावर मत देण्यासारखं आहे. प्रत्येक घरातला कोणीतरी कुठल्यातरी कंपनीतून निवृत्त झालेला असतो.

तसे आमचे शेजारीही झालेले आहेत. वय ७८, आणि त्यांच्या गॅरेजात १९६२ सालची एक चार दारांची, फिकट हिरवी, भरपूर क्रोम ल्यायलेली गाडी आहे. (हिचीही कंपनी विचारू नका.) माझ्या सातवीतल्या मुलीने त्यांचं नाव कधीच 'गाडीआजोबा' ठेवून टाकलंय. आमचा गोंधळ ते कुंपणापलीकडून फडक्याने हेडलाइट पुसत ऐकत होते. किंबहुना अशा दिवसाची ते गेली आठ वर्षं वाट बघत असावेत. फडकं खांद्यावर टाकून त्यांनी विचारलं, "कुठे जायचंय?" त्या चेहऱ्यावर सहानुभूती नव्हती. शुद्ध आनंद होता.

हा आनंद काय असतो ते मला ऑगस्टमध्ये कळलं होतं. आमच्या घरापासून दोन मैलांवर वुडवर्ड ॲव्हेन्यू आहे, डेट्रॉइटपासून पाँटियाकपर्यंत जाणारा मोठा रस्ता. तिथे १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी 'ड्रीम क्रूझ' असते, म्हणजे जुन्या गाड्या घेऊन लोकांनी सबंध दिवस त्याच रस्त्यावर हळूहळू वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं. पोचायचं कुठेच नाही. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर जागा धरतात तशा बघ्यांच्या घडीच्या खुर्च्या सकाळपासून फुटपाथवर मांडलेल्या असतात. बाबांना घेऊन गेलो. १९०९ साली अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैलभर हमरस्ता याच वुडवर्डवर झाला, असं मी अभिमानाने सांगितलं. पलीकडच्या खोदकामाकडे आणि नारिंगी पिंपांकडे बघत बाबा म्हणाले, "आणि अजून पुरा व्हायचाय वाटतं."

पण मग एक १९५९ ची कॅडिलॅक आली आणि बाबा गप्प झाले. मागे दोन पंख उभारलेले, प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. लांबी २२५ इंच, म्हणजे पावणेएकोणीस फूट. आमच्या डोंबिवलीच्या घराचा हॉल सोळा फुटांचा होता. ही गाडी आली असती तर स्वयंपाकघरात तोंड घालून उभी राहिली असती. हार्ली अर्ल नावाच्या जनरल मोटर्सच्या डिझाइनप्रमुखाने लढाऊ विमानाचं शेपूट बघितलं, १९४८ च्या कॅडिलॅकला मागे बारीकसे पंख फुटले आणि अकरा वर्षांत ते एवढाले झाले. उपयोग काहीही नाही. गाडी उडत नव्हती, पाणी कापत नव्हती. पण आज आमच्या सोसायटीतल्या बारा गाड्या एका रांगेत उभ्या केल्या तर मला आमची ओळखायला किल्लीचं बटण दाबून तिला ओरडायला लावावं लागतं. सगळ्या राखाडी, सगळ्यांचं तोंड कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं रागावलेलं. १९५७ ची शेव्हर्ले बेल एअर लहान मूलही लांबून ओळखतं. तिचं पेट्रोल भरायचं झाकण तर डाव्या पंखाच्या क्रोममागे लपवलेलं असतं. १९५६ च्या क्रायस्लर गाड्यांत डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर मिळायचा, हेही तिथेच कुणीतरी सांगितलं. "खड्ड्यात सुई उडत नसेल?" बाबांनी विचारलं. उडत असणारच. पण गाणं थांबलं तर का थांबलं ते तरी कळत असेल.

तर, आम्ही निघालो. पुढचं सीट म्हणजे अख्खा सोफा. त्यावर गाडीआजोबा आणि बाबा, मधे नारळ. मागच्या सोफ्यावर एका बाजूला पैठणीतली बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी, आणि मधे मी, गाडीच्या पाठीच्या कण्यासारखा जो उंचवटा जमिनीतून जातो त्याच्या दोन्हीकडे पाय टाकून, मांडीवर मोदक. गाडीआजोबांनी दोनदा ॲक्सिलरेटर दाबून सोडला, किल्ली फिरवली आणि आतून जो आवाज आला तो कानापेक्षा बरगड्यांना आधी ऐकू आला. पेट्रोलचा वास, जुन्या रेक्झिनचा वास, कुठल्यातरी १९६२ सालच्या सिगारेटचा वास. मागच्या सीटलासुद्धा ॲशट्रे. आमच्या नव्या गाडीत पुढच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं की 'प्रवाशाने पट्टा बांधावा' म्हणून ती इंडियन स्टोअरपासून घरापर्यंत टिंगटिंग करते आणि शेवटी मी बासमतीला पट्टा बांधतो. इथे पट्टे होते, पण कमरेपुरते आणि तेही नंतर बसवलेले. मूळ गाडी कोणाची काळजी करत नव्हती.

हेडलाइट खालीवर करायचं बटण जमिनीवर, डाव्या पायाशी. पेट्रोलचं झाकण मागच्या नंबरप्लेटच्या मागे. मैल मोजणाऱ्या यंत्रात आकडे पाचच. म्हणजे ९९,९९९ नंतर गाडी पुन्हा शून्यावर. मुलीने विचारलं, मग कळणार कसं किती चालली? गाडीआजोबा म्हणाले, एवढी चालेल असं आम्हाला बनवतानाही वाटलं नव्हतं.

ही प्रामाणिक माणसाची गंमत असते. ते ब्रेक मारायचे ते पुढची गाडी थांबल्यावर नाही, तिच्या मनात थांबायचा विचार आल्यावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या चारांना मिळून तेलाची एकच वाट. ती कुठेही गळली की चारही चाकं मोकळी. मुलीने हीच वेळ साधून एक व्हिडिओ आठवला. २००९ साली इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर आदळवली होती. "नव्या गाडीतल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ लागलं," ती म्हणाली, "आणि जुन्यातला मेला." मागच्या सीटवर शांतता पसरली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मोदकांचा डबा छातीशी घट्ट धरला, जणू तीच आमची एअरबॅग.

बाबा आणि गाडीआजोबांचं मात्र पुढे छान चाललं होतं, म्हणजे एकमेकांचं अक्षरही न कळता. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्राचं, 'आय बेग टू स्टेट दॅट' वळणाचं. गाडीआजोबांचं इथल्या मिशिगन राज्याचं, अर्धी अक्षरं नाकात आणि उरलेली मिशीत. दोघंही दर वाक्याला हो हो म्हणत होते.

बारा मैलांवर रस्त्याचं काम लागलं. तीन लेनची एक झालेली. ऊन ३१ अंश, गाडी मुंगीच्या पावलाने. इंजिन दोनदा खोकलं, आचका देऊन थांबलं. मागच्याने भोंगा वाजवला, मग कुठली गाडी आहे ते बघून खिडकीतून अंगठा दाखवला. आमची नवी गाडी बंद पडली असती तर त्याने दुसरं बोट दाखवलं असतं.

गाडी ढकलून पिंपांच्या पलीकडे घेतली. ढकलणारे मी आणि माझा झब्बा. गाडीआजोबांनी बॉनेट उघडलं, आणि मी पहिल्यांदाच असं बॉनेट बघितलं ज्यात इंजिन दिसतं आणि इंजिनच्या बाजूने खाली रस्ताही दिसतो. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळ्या प्लास्टिकचं एक झाकण असतं, त्यावर कंपनीचं बोधचिन्ह, आणि एकंदर भाव असा की आपण कोण? इथे प्रत्येक वस्तू वेगळी. त्यातलं मला काहीही ओळखता आलं नाही. इंजिनिअरिंगची पदवी माझीच आहे.

बाबा खाली वाकले. पेट्रोलची बारीक नळी, ती इंजिनच्या अंगाला चिकटून गेलेली, तिच्या खालच्या टोकाला वाटीएवढा पंप. त्यावर बोट रोखून ते म्हणाले, "एसी पंप."

गाडीआजोबा सरळ उभे राहिले. "काय म्हणाला हा?"

"एसी पंप," बाबा पुन्हा म्हणाले. "हॉट. पेट्रोल... गॅस झालं."

आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या पेट्रोल पंपाला सगळे मेकॅनिक एसी पंपच म्हणायचे. का म्हणतात हे बाबांना माहीत नव्हतं, मलाही नाही. ते गाडीआजोबांना माहीत होतं. एसी म्हणजे अल्बर्ट चॅम्पियन, ज्याची स्पार्क प्लगची कंपनी १९०८ मध्ये फ्लिंटला निघाली आणि पुढे हे पंपही करू लागली. फ्लिंट इथून तासाभराच्या अंतरावर. त्यांनी उत्तरेकडे हात करून "फ्लिंट! फ्लिंट!" असं दोनदा सांगितलं. बाबांनी पूर्वेकडे, साधारण भारत असेल त्या दिशेला हात करून "कुर्ला! कुर्ला!" सांगितलं. बाबांचे काका कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये फिटर होते. फियाटच्या आधी तिथे डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, डेट्रॉइटचे सुटे भाग बोटीने येऊन. हे भाषांतर करायला मी पुढे झालो तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं.

निदान एकच होतं. उन्हाने आणि इंजिनच्या धगीने नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली होती, आणि हा पंप पातळ ओढतो, वाफ त्याच्या हाताला लागत नाही. औषधावर मात्र मतभेद झाले. गाडीआजोबांनी डिकीतून लाकडी कपड्यांचे चिमटे आणले आणि नळीला ओळीने लावले. लाकूड धग शोषून घेतं म्हणे, इथे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. बाबांनी ते चिमटे एखाद्या वैदूच्या ताइताकडे बघावं तसे बघितले. खंडाळ्याच्या घाटात त्यांनी आपली फियाट कितीदा याच दुखण्यातून उठवली होती. "ओलं फडकं पाहिजे," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी मिळून माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

उकडीचे मोदक सुकू नयेत म्हणून वर सुती फडकं ओलं करून घालतात. ते बायकोने घातलेलं होतं. नवंकोरं, पांढरं.

"नैवेद्याचं आहे ते," ती म्हणाली.

"त्याच्याच कामाला चाललंय," बाबा म्हणाले.

फडकं पंपावर बसलं. चर्र झालं. बाबांनी वरून अर्धी बाटली पाणी ओतलं. पाच मिनिटं आम्ही कडेच्या गवतात उभे होतो, आणि या पाच मिनिटांत तीन अनोळखी माणसं गाड्या थांबवून विचारपूस करून गेली. मग किल्ली फिरली आणि बरगड्यांना तो आवाज पुन्हा ऐकू आला. चिमट्यांनी की फडक्याने, यावर दोघांत आजही तंटा आहे.

पोचलो तेव्हा आरती सुरू होती. हॉलच्या दारात गाडी थांबली आणि 'घालीन लोटांगण'ला एकूण सात माणसं उरली, त्यातले एक गुरुजी. बाकी सगळं मंडळ बाहेर. ५१ मोदकांकडे कोणी पाहिलं नाही, त्यातले वरचे बारा तडकले होते हेही नाही. अध्यक्षांनी पैठणीवाल्या समस्त भगिनींचा त्या गाडीभोवती फोटो काढवला. पुढच्या वर्षी बाप्पाला याच गाडीतून आणायचं असं तिथल्या तिथे ठरलंही. गाडीआजोबांनी चार मोदक खाल्ले, पाचव्याच्या वेळी तूप मागून घेतलं.

संध्याकाळी घरी आलो. आमच्या गाडीचं अपडेट पूर्ण झालं होतं, आणि 'नवीन काय?' या पानावर पहिलीच ओळ होती की वेगाचा काटा आता जुन्या गाड्यांच्या गोल तबकडीसारखा दिसेल. वर 'क्लासिक' लिहिलेलं.

रविवारी सकाळी गाडीआजोबांच्या गॅरेजचं दार उघडलं आणि त्यातून एक राखाडी गाडी टिंगटिंग करत, मागचा कॅमेरा बघत, उलटी बाहेर आली. हुबेहूब आमच्यासारखी. "दूध आणायला चाललोय," ते म्हणाले, "तिला घेऊन कोण जातंय?" सीट गरम होतं म्हणून गुडघ्यांना बरं वाटतं, असंही म्हणाले.

दुपारी बाबा आमच्या गाडीचं बॉनेट उघडून प्लास्टिकच्या झाकणाशी बराच वेळ उभे होते. मी सांगितलं, हिचा पंप टाकीच्या आत असतो.

"मग फडकं कुठे टाकायचं?"

काय सांगणार. त्यांनी बॉनेट लावलं, आणि ते फडकं, आता पेट्रोलच्या वासाचं, नीट घडी करून, वर लाकडी चिमटे लावून डिकीत ठेवलं. मिशिगन नकाशावर तळहातासारखं दिसतं आणि प्रत्यक्षातही तळहाताइतकंच सपाट आहे, हे मुलीने आजोबांना समजावलं.

"असू दे," ते म्हणाले. "घाट लागला तर?"